एकच मजकूर, दोन घरे

अध्यक्षमहाशय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो,

धर्माची शिकवण कुठे संपते आणि समाजाची अन्यायी रूढी कुठे सुरू होते, या विषयावर बोलायला तुम्ही मौलवीसाहेबांना किंवा शास्त्रीबुवांना न बोलावता दिवाणी कज्जे चालवणाऱ्या एका वकिलाला बोलावलेत, याचे मला आधी नवल वाटले. मग वाटले की यात तथ्य आहे, कारण ही सीमारेषा मी ग्रंथांपेक्षा दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून जास्त पाहिली आहे.

काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, माझ्याकडे एकाच आठवड्यात दोन हक्कसोडपत्रे आली. पहिले एका हिंदू बागायतदाराच्या विवाहित मुलीचे होते आणि दुसरे खाडीपलीकडच्या एका मुसलमान घरातले, जिथले दोन्ही भाऊ आखातात नोकरीला. वडील दोन्हीकडे वारलेले, आई हयात, दोन भाऊ, एक बहीण आणि थोडीफार कलमे. माझ्या कारकुनाने पहिल्या दस्तातली नावे आणि चतुःसीमा बदलून दुसरा दस्त तयार केला, बाकी मजकुराला हात लावावा लागला नाही. "मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि कोणताही मोबदला न घेता माझा वारसाहक्क माझ्या भावांच्या लाभात कायमचा सोडून देत आहे." सही करण्यापूर्वी मी दोघींनाही कारण विचारले. पहिली म्हणाली, "गणपतीत दोन दिवस यायला दार उघडं असावं, वकीलबाई. आंब्याची पेटी पाठवतो दादा दर वर्षी." दुसरी म्हणाली, "माहेर तुटलं तर ईदला जाऊ कुठे?" दोघींचे भाऊ बाहेर पानाच्या टपरीजवळ उभे होते.

हे सांगताना मी माझे घर वगळणार नाही. मी कोकणी मुसलमान घरातली आहे आणि माझ्या सख्ख्या फुफीनेही, म्हणजे आत्यानेही, असाच कागद माझ्या वडिलांना लिहून दिला. ज्या घरात मी वाढले, शिकले, ज्या माडांच्या उत्पन्नावर माझी वकिलीची फी भरली गेली, त्यात तिचा हिस्सा होता. त्याचा हिशेब आमच्याकडे कोणी केला नाही. तो मी फार उशिरा केला.

आता ग्रंथ काय सांगतो ते पाहू. कुरआनच्या चौथ्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, सातवी आयत (वचन) म्हणते की आईबाप आणि जवळचे नातलग जे मागे ठेवतात त्यात पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही वाटा आहे, मग ते थोडे असो वा फार, आणि हा वाटा ठरवून दिलेला आहे. पुढच्या आयतींमध्ये अपूर्णांकांसह हिस्से सांगितले आहेत, आणि ते सांगून झाल्यावर लगेच, तेराव्या-चौदाव्या आयतींमध्ये, या अल्लाहने घालून दिलेल्या मर्यादा आहेत आणि त्या ओलांडणाऱ्याला आग आहे, अशी ताकीद आहे. नमाजाच्या वेळा जितक्या काटेकोरपणे पाळल्या जातात तितक्याच काटेकोरपणे पाळायचा हा आदेश आहे. तरीही हज करून आलेले गृहस्थ माझ्यासमोर बसून "आमच्यात मुली घेत नाहीत" असे सहज सांगतात. या "आमच्यात" शब्दाकडे माझे लक्ष असते. तो धर्माचा शब्द नाही. तो गावाचा, घराण्याचा, जमातीचा शब्द आहे, आणि शेजारच्या वाडीतला हिंदू बागायतदारही अगदी तोच शब्द वापरतो.

तिथे जुन्या धर्मशास्त्राने मुलीला मुलाबरोबरीचा वाटा दिला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. याज्ञवल्क्यस्मृतीत भावांनी आपापल्या अंशातून चौथा भाग अविवाहित बहिणीसाठी द्यावा, एवढेच आहे. मनूनेही तसेच म्हटले आहे. (शाळेत मी संस्कृत घेतले होते. आमच्या वर्गात त्या विषयात माझेच गुण जास्त असत, आणि याचे कौतुक गुरुजींपेक्षा माझ्या दादीला अधिक होते.) पण आज हिंदू मुलीचा हक्क स्मृतीवर अवलंबून नाही. 1956 चा वारसा कायदा, महाराष्ट्राने 1994 साली केलेली दुरुस्ती आणि 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर लागू झालेली दुरुस्ती यांनी तो दिला आहे, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीची हिस्सेदार, असल्याचे स्पष्ट केले आहे. म्हणजे एका घरात हक्क ग्रंथातून आला आणि दुसऱ्या घरात कायद्यातून, पण दोन्ही हक्क एकाच मजकुराच्या कागदाने काढून घेतले गेले. जी चाल दोन धर्मांत शब्दशः सारखी आहे, ती या धर्मातून आली की त्या धर्मातून, असे विचारण्यात अर्थ नाही. ती जमिनीतून आलेली आहे.

रूढीने ग्रंथाला मागे सारल्याची गोष्ट न्यायालयातही घडली आहे. मुंबई इलाख्याचा 1827 चा चौथा रेग्युलेशन पाहा. दिवाणी दाव्यात आधी विधिनियम, त्यानंतर देशरिवाज, आणि रिवाज नसेल तरच प्रतिवादीचा धर्मकायदा, असा क्रम त्यात लावलेला होता. पुढे 1847 साली मुंबईच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात खोजा आणि मेमन या मुसलमान समाजांतल्या मुलींनी कुरआनप्रमाणे हिस्सा मागितला. त्यांच्या समाजातल्या पुरुषांचे म्हणणे असे होते की आमच्यात मुलींना पोटगी आणि लग्नाचा खर्च मिळतो, वारसा मिळत नाही. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी ही चाल मान्य केली आणि मुली हरल्या. ग्रंथ मुलींच्या बाजूने उभा होता आणि तरीही त्या हरल्या. पुढे 1937 साली शरियत कायदा झाला तो मुख्यतः अशा चालींचे वर्चस्व मोडण्यासाठी, पण त्यातही शेतजमीन वगळण्यात आली. आपल्याकडे कलमांची बाग आणि भाताची खाचरे वगळली तर वाटायला उरते काय, हे तुम्हीच सांगा.

त्याच 1937 सालचा एक निकाल आपल्या कोकणातला आहे, आणि तो मला वकील म्हणून अतिशय आवडतो. महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह पाणी घेतले, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. नगरपालिकेने तळे आधीच सर्वांना खुले केल्याचा ठराव केलेला होता आणि मुसलमानांना तिथे मनाई नव्हती. मज्जाव होता तो फक्त अस्पृश्यांना. सत्याग्रहानंतर पंचगव्य ओतून तळे "शुद्ध" केले गेले. डिसेंबरच्या परिषदेला स्पृश्यांपैकी कोणी जागा देईना, तेव्हा मांडवासाठी एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. त्याच परिषदेत 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. दरम्यान स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला होता. आता गंमत पाहा. रस्त्यावर जे लोक धर्म बुडाला म्हणून ओरडत होते, त्यांना कोर्टात धर्म सिद्ध करून चालणार नव्हते, रिवाज सिद्ध करायचा होता, आणि रिवाज कायद्याने मान्य व्हायचा तर तो अनादिकाळापासून चालत आलेला असल्याचे दाखवावे लागते. नऊ वर्षांहून अधिक काळ दावा चालला. 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी, म्हणजे 1922 साली गांधीजींना शिक्षा सुनावणाऱ्या त्याच ब्रूमफील्डांनी, असा अनादि रिवाज सिद्ध झालेला नाही असा निर्णय दिला. ज्याला सगळे गाव "पूर्वापार" म्हणत होते, त्याचा पूर्वापारपणा पुराव्यावर टिकला नाही.

विधवांच्या केशवपनाचेही असेच आहे. चिपळूणजवळच्या परशुराम परिसरात जन्मलेल्या पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना या चालीची मुळे शोधली. मनू आणि याज्ञवल्क्य यांच्या स्मृतींत विधवेचे डोके भादरण्याची आज्ञा नाही. ती सापडते स्कंदपुराणाच्या काशीखंडात, विधवेने वेणी घातली तर तिचा मृत पती बांधला जातो अशा आशयाच्या श्लोकात. म्हणजे चालीला श्लोक उशिरा मिळाला. पण त्या श्लोकाच्या नावाने किती मुलींसमोर न्हावी बसवला गेला! मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली विधवेशी विवाह केला, तेव्हा विधवाविवाहाचा कायदा होऊन 37 वर्षे उलटली होती आणि पराशरस्मृतीतला पुनर्विवाहाला अनुकूल असलेला श्लोक ईश्वरचंद्र विद्यासागरांनी कधीच पुढे मांडलेला होता. ग्रंथ आणि कायदा दोन्ही बाजूंना असूनही मुरूडने कर्व्यांना वाळीत टाकले. त्यांना घरात घेतले तर आई-भावांवरही बहिष्कार पडणार होता. वाळीत टाकण्याची ही गावकी अजून संपलेली नाही, म्हणून तर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा करावा लागला, आणि त्या कायद्याआधी सर्वाधिक बोलबाला झालेल्या तक्रारी आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या होत्या. आमच्या जमातींचे पुढारी गालातल्या गालात हसत असतील, तर त्यांनी सोयरिकी आठवाव्यात. तेराव्या आयतीत एकोणपन्नासावी सूरा सांगते की तुमच्यात श्रेष्ठ तो जो अधिक ईश्वरभीरू, आणि आमच्याकडे मासेमारी करणाऱ्या दालद्यांच्या घरी मुलगी द्यायची म्हटले की खानदान आठवते.

इथवर ऐकून काही जणांना बरे वाटले असेल की धर्म निर्मळ निघाला आणि दोष सगळा रूढीवर गेला. माझे तसे म्हणणे नाही. तोंडी तीन तलाकाला आमचे फकीह, म्हणजे धर्मकायद्याचे पंडित, शतकानुशतके "बिदअत" म्हणत आले, म्हणजे ती धर्मात मागाहून घुसलेली वाईट गोष्ट आहे हे त्या नावातच कबूल होते. पण पाप आहे, तरी लागू आहे, असेही तेच म्हणत. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई 18 एप्रिल 1966 रोजी सात मुसलमान स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले, आणि ही चाल रद्द व्हायला 22 ऑगस्ट 2017 उजाडला. एक्कावन्न वर्षे ती रूढीने नव्हे, रूढीला शरियतचा शिक्का मारणाऱ्यांनी टिकवली. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात "धर्मं चाप्यसुखोदर्कं लोकविक्रुष्टमेव च" असे आहे. ज्याचा शेवट दुःखात होतो आणि लोक ज्याचा धिक्कार करतात असा धर्मही सोडावा, असा त्याचा अर्थ. माझे एक ज्येष्ठ वकील मित्र हा श्लोक मोठ्या अभिमानाने म्हणतात. पण आठव्या अध्यायात द्विजाला कठोर बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटण्याची शिक्षाही आहे, आणि ती कोणा गावकीने घुसडलेली नाही. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा हा तर खुद्द कुरआनचाच नियम आहे. सातव्या शतकातल्या अरबस्तानात तो म्हणजे पुढे टाकलेले पाऊल होते, असे मी मानते, पण ते पाऊल तिथेच रुतवून ठेवायचे का, हा प्रश्न रूढीच्या नावावर टाकून मला सुटता येणार नाही.

मग मी पाहते काय? मी पाहते की माणूस ग्रंथ कधी काढतो आणि रूढी कधी काढतो. बहिणीला काही द्यायचे नसते तोवर "आमच्यात घेत नाहीत." बहिणीने दावा लावला की दुसऱ्याच तारखेला "शरियतप्रमाणे निम्माच." मेहर हा कुरआनप्रमाणे नवऱ्याने बायकोला द्यायचा, तर तो निकाहनाम्यावर लिहून ठेवायचा आणि हुंडा मात्र रोख घ्यायचा. हिंदू घरात मुलगी कन्यादानाने परगोत्रात गेली म्हणून वाटा नाही, पण म्हातारी आई अंथरुणाला खिळली की तीच परगोत्री मुलगी महिना-महिना माहेरी. 2005 ची दुरुस्ती आल्यापासून बापाकडून मुलग्यांच्या नावे मृत्युपत्र करून घेण्याकडे कल वाढला आहे. मुसलमान बापाला तेही करता येत नाही, कारण इतर वारसांच्या संमतीशिवाय एका वारसाला मृत्युपत्राने देणे शरियतला मंजूर नाही. तसे करून मागायला आलेल्यांना मी हे सांगितले की ते म्हणतात, "बाई, शरियत राहू द्या, कागद करा." कुरआनच्या दुसऱ्या सूरेत अशाच लोकांचे उत्तर नोंदवलेले आहे. त्यांना अल्लाहने पाठवलेल्या मार्गाने चला म्हटले की ते म्हणतात, आम्ही आमच्या बापजाद्यांच्या वाटेने जाणार. आणि त्यावर प्रश्न आहे की बापजाद्यांना काही कळत नसले तरी?

त्या दोन दस्तांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. पहिला त्याच दुपारी नोंदला गेला. ती बाई कॅमेऱ्यासमोर बसली, अंगठा यंत्रावर ठेवला, पदर सावरला आणि फोटो निघाला. दुसरीला मी सहीच्या आधी सातबारा दाखवला. क्षेत्र 80 गुंठे. विधवा आईला आठवा हिस्सा म्हणजे 10 गुंठे, उरलेल्या 70 चे पाच भाग, दोन-दोन भावांचे, एक तिचा. मी कागदाच्या पाठीमागे आकडा लिहिला: 14. हिंदू घर असते आणि जमीन बापाची स्वतःची असती तर 20 झाले असते, हेही सांगितले. ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "चौदा गुंठ्यांत कलमं किती बसतात?" मी म्हटले, लावणी कशी आहे त्यावर आहे, दहा-पंधरा धर. तिने पेन माझ्या टेबलावर ठेवले आणि भाईशी बोलून सांगते म्हणून निघून गेली. ती परत आली नाही. पण वारसनोंदीची नोटीस तलाठी कार्यालयात लागली, तेव्हा हरकतीच्या 15 दिवसांच्या मुदतीत, तेराव्या दिवशी, तिच्या हस्ताक्षरातला एक अर्ज तिथे दाखल झालेला होता.