बोट परत येईल त्या दिवसापासून मोजा

श्रोतेहो, नमस्कार.

क्रूझची तिकिटं काढताना बोट कोणती, खोलीला बाल्कनी आहे का, शाकाहारी जेवणाची सोय आहे का, याची चौकशी आपण बारकाईने करतो. पासपोर्टच्या बाबतीत मात्र 'अजून सहा-सात महिने आहेत की' एवढ्यावर विषय संपतो. त्या 'सहा-सात' मधला फरक कधीकधी दोन-तीन दिवसांचा असतो आणि तेवढ्यावर अख्खी सहल जाते. म्हणून आज आधी एक हिशेब मांडू. जवळ कागद असेल तर तारखा लिहून घ्या.

समजा, पासपोर्टची मुदत १२ जून २०२७ ला संपते. तुम्ही १० डिसेंबर २०२६ ला मुंबईहून सिंगापूरला पोहोचता. ११ तारखेला बोटीत चढता, मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत करून १५ डिसेंबरला सकाळी पुन्हा सिंगापूरच्या बंदरात उतरता. सिंगापूरचा नियम असा, की देशात शिरताना पासपोर्टला किमान सहा महिने शिल्लक हवेत. १० डिसेंबरला मोजलं तर १० जूनपर्यंत मुदत लागते. तुमची १२ जूनपर्यंत आहे, म्हणजे विमानतळावर काही अडत नाही. पण १५ डिसेंबरला बोटीतून उतरणं हा सिंगापूरमधला दुसरा, नवा प्रवेश असतो. त्या दिवशी १५ जूनपर्यंतची मुदत लागते आणि तुम्ही तीन दिवसांनी कमी पडता.

ही अडचण १५ तारखेपर्यंत थांबतही नाही. बोटीवर चढण्याआधीच काउंटरवरचा माणूस तुमचा परतीचा दिवस बघतो, कारण बहुतेक क्रूझ कंपन्यांचा स्वतःचाच नियम असतो, की सफर संपते त्या दिवसापासून पुढे सहा महिने पासपोर्ट चालू हवा. तो नसेल तर चढू देत नाहीत, आणि कागदपत्रं अपुरी म्हणून प्रवास हुकला तर पैसे परत न करण्याची अट बुकिंग करताना आपण मान्य केलेलीच असते. प्रवासविम्यातही अशी चूक सहसा बसत नाही.

सहा महिने कॅलेंडरने मोजा. १८० दिवस असं धरू नका, त्यात दोन-तीन दिवसांचा घोळ होतो.

आता बरेच जण म्हणतात, 'मधल्या बंदरावर आम्ही उतरणारच नाही, खोलीतच बसू. मग त्या देशाचा नियम आम्हाला कशाला?' यामागचं काम कसं चालतं ते समजून घ्या. बोट बंदरात यायच्या आधीच सगळ्या प्रवाशांची यादी, पासपोर्ट नंबर आणि मुदतीसकट, त्या देशाच्या इमिग्रेशनकडे गेलेली असते. तुम्ही खोलीत झोपलेले असलात तरी त्या यादीत असता. अपुऱ्या कागदांचा प्रवासी आणला तर जबाबदारी वाहतूक करणाऱ्या कंपनीवर येते, दंड होऊ शकतो. शिवाय कोणाला मध्येच हृदयविकाराचा झटका आला, वादळामुळे बोट दुसऱ्या बंदराकडे वळवावी लागली, तर माणसाला त्या देशात उतरवावं लागतं, तिथून विमानाने घरी पाठवावं लागतं. सहा महिन्यांची अट आहे ती अशा वेळेसाठी. तेव्हा वाटेतल्या सगळ्या देशांपैकी ज्याचा नियम सर्वांत कडक, तोच तुमचा नियम. सिंगापूरच्या सफरीत मलेशिया असेल तर त्यांचीही अट सहा महिन्यांचीच आहे.

युरोपात हिशेब थोडा वेगळा. बार्सिलोना किंवा रोमजवळच्या चिवितावेक्कियाहून भूमध्य समुद्रातल्या बोटी सुटतात. शेंगेन देशांतून, म्हणजे एकाच सामायिक व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांतून, बाहेर पडायच्या तारखेनंतर तीन महिने पासपोर्ट चालू हवा, तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, आणि व्हिसाच्या अर्जासाठी दोन कोरी पानं हवीत. तीन महिने ही सरकारी अट झाली. क्रूझ कंपनी सहा मागत असेल तर सहाच धरा. आणि बोट मध्ये तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाऊन परत ग्रीसला येणार असेल, तर शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येणं होतं. तिथे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही.

दहा वर्षांची अट भारतीय पासपोर्टला फारशी नडत नाही, कारण आपला पासपोर्ट मुळातच दहा वर्षांचा असतो. ब्रिटनमधल्या आपल्या मराठी मंडळींना मात्र ती नडू शकते. सप्टेंबर २०१८ च्या आधी तिथे नवा ब्रिटिश पासपोर्ट घेताना जुन्याचे उरलेले नऊ महिन्यांपर्यंतचे दिवस त्यात मिळवून देत. असा पासपोर्ट कागदावर दहा वर्षं आणि वर काही महिने चालू दिसतो, पण काढल्याला दहा वर्षं झाली की शेंगेनच्या दारात तो चालत नाही. त्यांनी शेवटच्या तारखेइतकीच काढल्याची तारीखही बघावी.

अमेरिकेत राहणाऱ्यांकडून अलास्काच्या सफरीत एक चूक हमखास होते. सिअॅटलहून निघालेली बोट सिअॅटललाच परत येते, म्हणून सगळा प्रवास अमेरिकेतलाच वाटतो. पण १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशात नोंदवलेल्या जहाजाला अशा फेरीत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं, आणि बहुतेक मोठ्या क्रूझ बोटींची नोंदणी परदेशातली असते. म्हणून ती बोट काही तासांसाठी का होईना, कॅनडाच्या व्हिक्टोरियाला लागते. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि तो पासपोर्टच्या मुदतीपलीकडे मिळत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसा माफ आहे, पण ग्रीन कार्डाबरोबर चालू पासपोर्ट दाखवावाच लागतो. वर्षानुवर्षं कपाटात पडलेला भारतीय पासपोर्ट अशा वेळी आठवतो, तेव्हा त्याची मुदत संपलेली असते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: अमेरिकेत परत शिरताना आय-९४ ची, म्हणजे देशात राहायच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंतच दिली जाऊ शकते, मग कंपनीची मंजुरी पुढे दोन वर्षं असली तरी. उतरल्यावर ती तारीख ऑनलाइन तपासा.

तिथे जन्मलेल्या मुलांना, म्हणजे अमेरिकन नागरिकांना, एकाच अमेरिकन बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या कॅरिबियन सफरीत जन्मदाखल्यावर जाता येतं. सवलत खरी आहे, पण मूल मध्येच आजारी पडलं आणि विमानाने परतायची वेळ आली तर जन्मदाखल्यावर विमानात बसता येत नाही. मुलांचेही पासपोर्ट घेऊनच निघावं.

मुंबई-गोवा किंवा मुंबई-लक्षद्वीप अशा देशातल्या सफरींना पासपोर्ट लागत नाही, सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. लक्षद्वीपचा प्रवेश परवाना मात्र लागतो. चेन्नईहून श्रीलंकेला जाणारी बोट धरली की पुन्हा सगळे नियम लागू.

घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट एकत्र काढून बघा आणि मुलांचे आधी बघा. मोठ्यांचा दहा वर्षांचा असतो, लहान मुलांचा पाच वर्षांचा किंवा वय अठरा होईपर्यंत, जे आधी येईल ते. आईवडिलांचे पासपोर्ट चालू आणि धाकट्याचा दोन महिन्यांत संपणारा, ही गोष्ट फार सर्रास घडते.

मुदत कमी असेल तर मुदतवाढ म्हणून शिक्का मारून मिळत नाही, 'री-इश्यू'चा, म्हणजे नवा पासपोर्ट मिळण्याचा, अर्ज करावा लागतो. शेवटच्या तारखेच्या एक वर्ष आधीपासून तो करता येतो. उरलेले महिने नव्या पासपोर्टात मिळत नाहीत, पण त्या लोभापायी थांबू नका. ऑनलाइन अर्ज भरायचा, फी भरायची, पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यायची. मोठ्यांसाठी छत्तीस पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आणि तत्काळसाठी वर २०००. जुना मूळ पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांच्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स न्यायच्या. पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याचा पुरावा. वेळ खाते ती पोलीस पडताळणी, विशेषतः पत्ता बदलला असेल तेव्हा. म्हणून सहलीच्या निदान तीन महिने आधी हे उरकलेलं बरं.

क्रम चुकवू नका: आधी नवा पासपोर्ट, मग व्हिसा, मग क्रूझचं ऑनलाइन चेक-इन. नव्या पासपोर्टचा नंबर वेगळा असतो. सिंगापूरचा व्हिसा कागदावर मिळतो आणि तो पासपोर्टच्या नंबराशी जोडलेला असतो. आधी व्हिसा काढून नंतर पासपोर्ट बदललात, तर तो व्हिसा नव्या पासपोर्टवर चालेलच असं नाही. एजंटाकडे जुन्या पासपोर्टची झेरॉक्स पडून असेल तर ती काढून टाकायला सांगा, नाहीतर तोच जुना नंबर पुन्हा टाइप होतो. जुन्या पासपोर्टात अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मात्र दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे आणि जुन्याला टाचणीही लावायची नाही.

काही बोटींवर चढताना पासपोर्ट जमा करून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. त्याआधी फोटोच्या पानाची आणि व्हिसाची झेरॉक्स काढून पर्समध्ये ठेवा, किनाऱ्यावर फिरताना तीच जवळ असते. आणि परदेशात पासपोर्ट हरवला किंवा त्याची मुदत संपली, तर भारतीय दूतावास जे आपत्कालीन प्रमाणपत्र देतो ते भारतात परतण्याच्या एकाच प्रवासापुरतं असतं. ते दाखवून पुढच्या बंदरावर बोट पकडता येत नाही.