ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही

हा चेहरा बघा. सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली मुलगी, मांडीवर उशी, टीव्हीचा निळसर उजेड तोंडावर. समोर कोणीतरी मोबाईल धरलाय हे तिच्या गावीही नाही. आणि ज्याच्या हातात मोबाईल आहे त्याला मात्र पुढच्या दहा मिनिटांत काय होणार ते सगळं माहीत आहे, कारण त्याने ते आधीच वाचलंय.

तारीख २ जून २०१३. एचबीओवर गेम ऑफ थ्रोन्सच्या तिसऱ्या सीझनचा नववा एपिसोड चालू आहे. लग्नाची मेजवानी रंगलीये, लोक पितायत, हसतायत, तरुण राजा रॉब स्टार्क आपल्या गरोदर बायकोशी होणाऱ्या बाळाच्या नावाबद्दल बोलतोय. मग हॉलचं दार बंद होतं. वरच्या सज्जातले वादक एकदम वेगळीच, संथ धून सुरू करतात. रॉबची आई कॅटलिन शेजारी बसलेल्या रूस बोल्टनची बाही वर सरकवते आणि आत चिलखताच्या कड्या दिसतात. लग्नाला आलेला माणूस आतून चिलखत घालून बसलाय.

आता परत त्या मुलीकडे बघा. उशी तोंडापर्यंत आली. हात कपाळावर गेला. बायको गेली, रॉब गेला, कॅटलिनचा गळा चिरला आणि शेवटची नावं कुठल्याही संगीताशिवाय, पूर्ण शांततेत वर सरकायला लागली. ती नुसती बसून आहे.

त्या दिवसांत असे कितीतरी व्हिडिओ यूट्यूबवर आले, वेगवेगळी घरं, वेगवेगळे सोफे, पण रडणं-ओरडणं तेच. मला त्यात सगळ्यात जास्त भिडतो तो न दिसणारा माणूस, मोबाईल धरणारा. मालिका ज्यांच्या पुस्तकांवरून केली त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं हे लग्न असलेलं पुस्तक आलं २००० साली, म्हणजे वाचकांना हे लग्न १३ वर्षं माहीत होतं. मालिका सुरू झाल्यापासून ते आपल्या मित्रांच्या, बहिणींच्या, नवऱ्यांच्या शेजारी बसून एपिसोड बघत होते, "रॉब जिंकणार ना शेवटी?" असं कोणी विचारलं की "बघ तू पुढे" एवढंच म्हणत होते. जे त्यांना एकट्याने, पुस्तक हातात धरून सोसावं लागलं होतं ते आपल्या माणसानेही तसंच, कोऱ्या मनाने सोसावं असं त्यांना वाटत होतं. मला तरी यात खूप माया दिसते.

स्वतः मार्टिननाही ते जड गेलं होतं बरं का. तो भाग त्यांनी मागे ठेवला, बाकीचं सगळं पुस्तक लिहून झालं आणि मग शेवटी त्याला हात घातला. मालिका करणारे डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हेही आधी वाचकच, आणि हा प्रसंग पडद्यावर आणायचा हे त्यांनी सुरुवातीपासून मनात धरलं होतं. आणि गंमत म्हणजे त्यांनी वाचकांनाही सोडलं नाही! पुस्तकात रॉबची बायको त्या लग्नाला आलेलीच नसते. मालिकेत आली, आणि पहिला वार तिच्या पोटावर झाला. मोबाईल धरणाऱ्याचा हातसुद्धा त्या क्षणी हलला असणार.

पहिला धडा खरंतर २०११ मध्येच मिळाला होता. पोस्टरवर लोखंडी सिंहासनावर बसलेला शॉन बीन, म्हणजे नेड स्टार्क, हाच हिरो असं सगळे धरून चालले आणि पहिल्याच सीझनच्या नवव्या एपिसोडमध्ये त्याचं मुंडकं उडालं. तेव्हापासून लोकांची बघण्याची पद्धतच बदलली, चुकीला इथे माफी नाही हे कळलं, मग कोण कोणाला काय बोललं, कोणी कोणाला काय शब्द दिला हे लोक लक्षात ठेवायला लागले.

आणि थिअऱ्या! नेडचा अनौरस मुलगा म्हणून वाढलेल्या जॉन स्नोची आई कोण, यावर वाचक नव्वदच्या दशकापासून नेटवर वाद घालत होते, "आर प्लस एल इक्वल्स जे", म्हणजे रेगार आणि लियाना यांचा मुलगा जॉन, हे सूत्र तेव्हाचं. बेनिऑफ आणि वाइस पहिल्यांदा मार्टिनना भेटले तेव्हा त्यांनी या दोघांना हाच प्रश्न विचारला होता, आणि दोघांचं उत्तर बरोबर आलं. प्रेक्षकांना ते पडद्यावर दिसलं २०१६ मध्ये, सहाव्या सीझनच्या शेवटी.

त्याआधी २०१५ मध्ये जॉन स्नोला भोसकून बर्फात टाकलं होतं. ते वर्ष आठवतं का? किट हॅरिंग्टनचे केस लांब आहेत की कापले, यावरून लोक तो परत येणार का याचा अंदाज बांधत होते. बराक ओबामांनीसुद्धा दिग्दर्शक डेव्हिड नटरला भेटल्यावर विचारलं होतं की जॉनला खरंच मारलं नाही ना!

पण सहाव्या सीझनपासून एक मोठी गोष्ट बदलली. मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. मे २०१६ मध्ये होडोरचा एपिसोड आला, आयुष्यभर एकच शब्द बोलणारा तो धिप्पाड माणूस, आणि तो शब्द म्हणजे "होल्ड द डोअर", दार धरून ठेव, हे घासत घासत होडोर झालेलं, हे कळलं तेव्हा मागून मेलेल्यांचे हात त्याला ओरबाडत होते आणि तो दार सोडत नव्हता. हे कुठल्याच छापलेल्या पुस्तकात नव्हतं. मार्टिननी फक्त मालिकावाल्यांना सांगितलेलं. म्हणजे त्या रात्री शेजारी बसलेल्या वाचकालाही काही माहीत नव्हतं, दोघं एकदमच रडले.

मग शेवट. आधी सीझनला १० एपिसोड असायचे, सातव्याला ७ झाले, आठव्याला ६. पहिल्या सीझनमध्ये राजाला राजधानीतून उत्तरेला पोचायला महिना लागला होता, आता लोक एका एपिसोडमध्ये अख्खा खंड पार करायला लागले. ज्या प्रेक्षकांना या मालिकेनेच बारीकसारीक लक्षात ठेवायला शिकवलं होतं त्यांना हे दिसणारच. ड्रॅगनवाली राणी डेनेरिस शेवटी राजधानीचं शहर जाळते, त्याची बीजं पहिल्यापासून पेरलेली आहेत हे मला पटतं, पण तिथपर्यंत पोचायला तिला वेळच दिला नाही, आणि म्हणून ते टोचतं. १९ मे २०१९ ला शेवटचा एपिसोड त्या एका रात्रीत अमेरिकेत १ कोटी ९३ लाख लोकांनी बघितला. आठवा सीझन परत बनवा म्हणून निघालेल्या ऑनलाइन अर्जावर १५ लाखांहून जास्त सह्या पडल्या. त्याच वर्षी सीझनला १२ एमी पुरस्कार मिळाले. सही करणाऱ्यांना उगाच हट्टी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, आठ वर्षं जीव लावून बघणारा माणूस तक्रार करणारच. आणि या वेळी पुढचं वाचून ठेवलेलं, "थांब, बघ तू पुढे" म्हणणारं शेजारी कोणी नव्हतं. सहावं पुस्तक आलेलंच नव्हतं.

माझ्या मावसबहिणीने हल्लीच पहिल्यांदा मालिका लावलीये. काल तिसऱ्या सीझनचा नववा एपिसोड होता. ती टीव्हीकडे बघत होती, मी तिच्याकडे. दार बंद झालं, वादकांनी धून बदलली, आणि तिने मान वळवून विचारलं, "ताई, हे गाणं आधी कुठेतरी ऐकलंय ना आपण?"

मी म्हटलं, "बघ तू पुढे."