सोनाराच्या दुकानातला केर

श्रोतेहो, नमस्कार.

विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा, "पोरगं काय करतं?" बऱ्याचदा उत्तर येतं, "गलाईला आहे." कुठं? तर कुणी केरळात, कुणी पंजाबात, कुणी पार बंगालात. सांगली जिल्ह्यातला हा दुष्काळी मुलूख. रानात पिकेना म्हणून माणसं पोटामागं देशभर पांगली आणि जिथं सराफांची पेठ असेल तिथं त्यांनी भट्टी मांडली. जुने दागिने आटवायचे आणि त्यातलं सोनं शुद्ध करून द्यायचं, हा तो धंदा. मला आज रोजच्या वापरातल्या वस्तू आणि पर्यावरण यावर बोलायचंय आणि मी सोन्याचं काय काढून बसलो, असं वाटेल तुम्हाला. पण झाडं लावा, पिशव्या टाळा हे ऐकून तुमचेही कान किटले असतील. म्हणून जरा वाकड्या वाटेनं जाऊ.

सोनाराच्या दुकानातला केर घंटागाडीत जात नाही. कानशीनं घासताना उडालेली कणी, पाटाखालची धूळ, हात पुसायचं फडकं, काही ठिकाणी तर हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवून ठेवतात. फडकं जाळायचं, राख चाळायची, धुवायची, मग टाकणखार घालून मुशीत वितळवायची. त्यातून जो गोळा निघतो त्यात सोनं असतंच, पण चांदी, तांबं, काय काय मिसळलेलं असतं.

आता गंमत बघा. सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात आणखी चांदी किंवा तांबं घालतात, सोनं चौथ्या हिश्श्यावर येईल इतकं. कारण सोनं जास्त असेल तर तेजाब आतपर्यंत शिरत नाही. मग तो मिश्रधातू दाणेदार करून नायट्रिक तेजाबात उकळायचा. चांदी-तांबं विरघळतं आणि तळाला तपकिरी भुकटी बसते. नवख्या माणसाला दाखवली तर तो ती विटेचा भुगा म्हणून फेकून देईल. धुऊन वितळवली की पिवळंधमक सोनं. वरच्या पाण्यात चांदी आहे, त्यात तांब्याचे पत्रे सोडायचे; चांदी सुटी होऊन खाली बसते. आता पाण्यात तांबं उरलं, त्यात लोखंडाचं भंगार टाकायचं. तांबं सुटं होतं. एवढं झाल्यावर राहतं ते लोखंड विरघळलेलं आंबट पाणी. त्याला गिऱ्हाईक नाही. नीट सोय नसेल तर ते मोरीत जातं. आणि उकळताना निघालेला तांबूस धूर? धुराडं आणि धूर धुण्याची यंत्रणा नसेल तर तो भट्टीवर बसलेल्या पोराच्या छातीत.

म्हणजे एकाच खोलीत, एकाच केरातून, सोनं काढलं, चांदी काढली, तांबं काढलं; जोवर भाव होता तोवर कुणी काही टाकलं नाही. भाव संपला तिथं प्रदूषण सुरू झालं.

कारखान्याकडं आणि घराकडं अशा नजरेनं बघणारं एक शास्त्र आहे, इंडस्ट्रियल इकॉलॉजी. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातल्या रॉबर्ट फ्रॉश आणि निकोलस गॅलोपौलस या दोघांनी 1989 साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लेख लिहिला आणि तेव्हापासून या विषयाचा बोलबाला झाला. जंगलात एकाचं उष्टं दुसऱ्याचं खाणं असतं, तसं कारखान्यांचं का नसावं, असा त्यांचा सवाल. पण माझ्या मते खरी मेख त्याआधी वीस वर्षं, 1969 साली, रॉबर्ट आयर्स आणि ॲलन नीझ या दोन अमेरिकी अभ्यासकांनी सांगितली होती. अर्थशास्त्रात वस्तूचा उपभोग झाला की ती संपली असं धरून चालतात. पदार्थविज्ञानात ती संपत नाही. टायर गुळगुळीत झाला म्हणजे त्याचं रबर गेलं कुठं? पुणे-बंगळूर रस्त्याच्या कडेच्या मातीत आणि पावसानं ओढ्यात. आपण वस्तू वापरतो म्हणजे पुष्कळदा तिला फक्त विखुरतो. आणि विखुरलेलं परत गोळा करायला किती मेहनत पडते, यावर ते 'माल' आहे की 'घाण' हे ठरतं.

कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण 2001 साली बंद झाली. सोनं संपलं म्हणून नव्हे. टनभर दगड फोडून जेवढं सोनं हाती यायचं, त्यात दगड वर आणायचा खर्चही निघेना म्हणून. जगातल्या बऱ्याच खाणींत टनाला चार-पाच ग्रॅम सोनं मिळालं तरी ठीक म्हणतात. आणि जुने मोबाइल टनभर गोळा केले तर त्यात दोन-तीनशे ग्रॅमच्या घरात सोनं निघतं. खाणीपेक्षा कितीतरी श्रीमंत माल! पण तो टन एका जागी नाही. तो तुमच्या कपाटात एक, माझ्या कपाटात दोन, असा पडून आहे, चार्जरच्या वायरींच्या गुंत्यात. (कुणी हौसेनं परसात तेजाब घेऊन हा उद्योग करू नका. मोबाइलमधल्या सर्किटच्या पाट्यांत शिसं असतं, त्या जाळल्या तर विषारी धूर निघतो. ज्यांना परवाना आहे त्यांचंच ते काम.)

हेच गणित साखर कारखान्याला लावा. उसातला सगळा ऐवज एकाच फाटकातून आत येतो, म्हणून तिथं जवळपास काही वाया जात नाही. टनभर उसातून आपल्या भागात एकशेदहा-वीस किलो साखर निघते, पावणेतीनशे-तीनशे किलो ओला बगॅस म्हणजे उसाचा चोथा, चाळीसेक किलो मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, आणि तीस-चाळीस किलो प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ. बगॅस बॉयलरमध्ये जातो, त्यावर कारखाना चालून वीज वर उरते. प्रेसमड रानात खत म्हणून जातं. उसात सत्तर टक्के पाणीच असतं. त्याची वाफ थंड करून वापरली तर कारखान्याला बाहेरच्या पाण्याची गरज फार थोडी लागते. मळीचं अल्कोहोल होतं.

पण इथंच घोडं पेंड खातं. लिटरभर अल्कोहोलमागं आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी, निघतो. काळपट तांबडा, उग्र वासाचा, आणि पाण्यातला प्राणवायू खाण्यात घरगुती सांडपाण्याच्या शंभरपट जहाल. पूर्वी त्याच्यावर उपाय काय होता? पाणी घालून पातळ करा आणि ओढ्याला सोडा. मासे मेले की आरडाओरडा व्हायचा, मग चौकशी, मग पुढचा हंगाम. वास्तविक त्या काळ्या पाण्यात पालाश आहे, ते पोटॅश जे आपला देश जवळजवळ सगळं परदेशातून बोटीनं आणतो. उसानं ते आपल्याच रानातून उचललेलं असतं. पाणी ओतून आपण ते आणखी विरळ करत होतो, म्हणजे केर गोळा करायच्या ऐवजी उधळत होतो. आता स्पेंटवॉश आटवून घट्ट करतात, खास बॉयलरमध्ये जाळतात आणि त्या राखेतलं पालाश दाणेदार खत होऊन पोत्यात भरलं जातं. आटवायला वाफ लागते, खर्च येतो, पण नियम कडक झाले आणि हे परवडू लागलं. केवळ सद्बुद्धीनं झालं असतं का? मला शंका आहे.

डेन्मार्कमध्ये कालुंडबोर्ग नावाचं छोटं बंदराचं गाव आहे. तिथं वीजकेंद्राची वाफ तेलशुद्धीकरणाला आणि औषध कारखान्याला, धूर धुताना मिळालेलं जिप्सम भिंतीचे तक्ते करणाऱ्याला, औषध कारखान्याचा गाळ शेतकऱ्याला, असं जाळं 1961 पासून हळूहळू विणलं गेलं. जगभरची माणसं ते बघायला जातात. तिथं कुणी बसून आराखडा केलेला नव्हता. शेजारीशेजारी होते, एकमेकांशी सौदे करत गेले. आपला साखर कारखाना, त्याची डिस्टिलरी आणि भोवतालची शेती हे त्यातलंच प्रकरण आहे, फक्त त्याला बघायला कुणी विमानानं येत नाही.

आता घरात येऊ. भंगारवाला दारावर आला की काय घेतो, काय नाही, ते नीट बघा. रद्दी घेतो, पत्रा घेतो, दुधाची पिशवी घेतो, पाण्याची बाटली घेतो. वेफर्सचं पाकीट घेत नाही. का? दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असते. वेफर्सच्या पाकिटात दोन-तीन जातीचे पापुद्रे आणि मध्ये धातूचा नावापुरता मुलामा, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. ते सुटं करायला येणारा खर्च त्या मालाच्या किमतीहून जास्त. शाम्पूच्या पुडीचंही तेच, वर ती एवढीशी की वेचणाऱ्या बाईनं दिवसभर वेचली तरी किलो भरत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाते, नाहीतर गटारात. ओला-सुका कचरा वेगळा करा असं आपल्याला सांगतात ते स्वच्छतेच्या नावाखाली. माझ्या लेखी तो खाणीतल्या दगडाचा दर्जा राखण्याचा प्रकार आहे. आमटी सांडलेली रद्दी कुणी घेत नाही. मात्र पाकीट असं बनवायचं हे ठरवणारा माणूस सांगलीच्या कचराकुंडीपाशी कधी येत नाही, हेही ध्यानात ठेवा. सगळा बोजा दारातल्या बाईवर टाकणं मला पटत नाही.

आणि सगळ्यात मोठं विखुरणं आपल्या रानात चालतं. युरिया टाकला की त्यातला निम्मा नत्रसुद्धा पिकाला मिळत नाही. बाकीचा हवेत उडतो, नाहीतर पाण्याबरोबर खाली जातो. डीएपी खतातला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कुठून येतो? मोरोक्को, जॉर्डन असल्या मुलखातल्या खडकांतून. खडकात तो घट्ट होता. आपण तो शिवारभर पसरतो आणि पावसाबरोबर थोडा थोडा कृष्णेत सोडतो. नदीतून परत पोत्यात भरणारा गलाईवाला अजून जन्मायचाय.

वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतली माणसं आत्ता मान हलवत असतील, कारण याचा शेवट त्यांनी डोळ्यांनी बघितलाय. काळी भारी जमीन, दंडानं सोडलेलं मोकाट पाणी, वर्षानुवर्षं ऊस आणि उसावर खोडवा. पाण्याची पातळी वर आली, पाण्याबरोबर जमिनीतले क्षार वर आले. पाणी उडून गेलं, क्षार तिथंच राहिले. एकेकाळी एकरी शंभर टनांच्या गप्पा मारणाऱ्या रानात उन्हाळ्यात पांढरा फेर दिसतो आणि वेड्या बाभळी माजतात. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं तसा आता खानापूर-आटपाडीतही ऊस उभा राहिलाय. दुष्काळ सोसलेल्या माणसानं पाण्याला हात आखडता घ्यावा असं मी कुठल्या तोंडानं सांगू? पण ठिबक केलंत तर पाणी तिसरा हिस्सा तरी वाचतं आणि विरघळणारं खतही मुळाशी जातं, एवढं सांगतो.

ज्यांची जमीन क्षारपड झाली त्यांच्यासाठी उपाय आहे, सच्छिद्र पाइपांचा. तीन-चार फूट खोल चर काढून भोकं पाडलेले पाइप गाळणीसकट पुरायचे. खारं पाणी त्यातून मोठ्या पाइपात आणि तिथून ओढ्याला जातं. दोन-चार पावसाळ्यांत जमीन वळणावर येते. खर्च एकरी बराच आहे, आणि एकट्यानं करून फारसा उपयोग नाही, कारण वरच्या रानातलं पाणी झिरपून परत तुमच्याच बांधात येतं. म्हणून ज्यांना हे करायचंय त्यांनी आधी वरचे आणि खालचे शेजारी गोळा करावेत, अख्ख्या शिवाराच्या उताराची मोजणी करून घ्यावी, आणि मोठा पाइप कुठल्या ओढ्याला काढायचा, त्या ओढ्याचं पाणी खाली कोण पितं, हे मोजणीच्या दिवशीच विचारून घ्यावं.

नमस्कार.