म्हातारी पुढे चालते

(दृश्य: पहाट. धुळीचं मैदान, मागे किलिमांजारो.)

किलिमांजारो डोळे भरून पाहायचा तो आत्ताच. ऊन चढलं की तो ढगांत बुडतो. डोंगर टांझानियातला, उंची 5,895 मीटर. आपण उभे आहोत सीमेच्या अलीकडे, केनियाच्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात.

पायथ्याशी नुसता फुफाटा. एका प्राचीन तळ्याचा हा कोरडा तळ. गाडीमागे धुळीचा लोट उठतो, तोंडात कचकच येते.

(दृश्य: दलदल. पोटापर्यंत पाण्यात हत्ती.)

आणि मग हे हिरवंगार पाणी! किलिमांजारोच्या उतारावर पडलेला पाऊस ज्वालामुखीच्या खडकात मुरतो, जमिनीखालून वाहत येतो आणि इथे झऱ्यांतून वर येतो. एन्कोंगो नारोकसारख्या दलदली त्यामुळेच भर उन्हाळ्यातही आटत नाहीत. सकाळी कळप माळावरून इथे उतरतात, दिवसभर लव्हाळं उपटून खातात. परतताना बघा, पोटापर्यंत काळेभोर आणि वर धुळीने भुरे.

(दृश्य: रांगेत चालणारा कळप.)

सगळ्यांत पुढे म्हातारी हत्तीण. आपल्याकडच्या हत्तिणींना असे लांब सुळे नसतात. इथे नर-मादी दोघांनाही असतात. कुठल्या दिवसांत कुठे पाणी मिळेल, हे तिला ठाऊक असतं. हत्तींच्या अभ्यासक सिंथिया मॉस यांनी 1972 मध्ये इथे अभ्यास सुरू केला, तो आजही चालू आहे. कानांच्या कडांवरच्या खाचांवरून एकेक हत्ती ओळखला जातो. त्यांची लाडकी एको, एका कळपाची म्हातारी, 2009 साली गेली. त्याच वर्षीच्या दुष्काळाने कितीतरी पिल्लं आणि अनुभवी हत्तिणी नेल्या. अशी एक म्हातारी गेली की तिला माहीत असलेल्या वाटाही तिच्याबरोबर जातात. मला ते नुकसान फार मोठं वाटतं.

हत्तींना माणसंही नेमकी कळतात. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इथल्या कळपांना ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. गुरं राखणाऱ्या मसाई जमातीतल्या पुरुषाचा आवाज आला की कळप एकमेकांना खेटून गोळा होई, सोंडा उंचावून वास घेई. पाणी-चाऱ्यावरून या गुराख्यांशी कधी गाठ पडते, भाले चालतात. शेती करणाऱ्या कांबा जमातीच्या पुरुषांच्या किंवा मसाई बायका-मुलांच्या आवाजाने मात्र त्यांची एवढी धांदल होत नसे.

म्हणून इंजिन बंद. कुणीही बोलायचं नाही.

(दृश्य: कळप गाडीसमोर. फक्त पावलांचा आवाज.)

ती थांबली आहे. सोंड आपल्या दिशेने वळवून वास घेते आहे. मागचे सगळे थांबलेत.

आता निघाली. पिल्लू तिच्या पायांशी लगटत रस्ता ओलांडतंय.