पुन्हा वाजवलेली दारं

श्रोतेहो, नमस्कार. शहरात गुन्हा घडला की आपण विचारतो, पकडला का, आणि किती वर्षं आत जाणार? ज्याचं नुकसान झालं, त्याला काय हवं, हे मात्र कुणी विचारत नाही. आज त्या माणसाबद्दल बोलू या.

गोष्ट कॅनडातली, १९७४ सालची. ऑन्टारियो प्रांतातलं एल्मायरा हे छोटंसं गाव. दोन पोरं रात्री दारू पिऊन निघाली आणि टायर फाडत, काचा फोडत सुटली. एक नाही, दोन नाही, २२ ठिकाणी नासधूस! खटला जवळच्या किचनर शहरात उभा राहिला. तिथे मार्क यांत्झी नावाचे प्रोबेशन अधिकारी होते, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारे. त्यांनी न्यायाधीशांना सुचवलं, या पोरांना ज्यांचं नुकसान झालंय त्यांच्या दारात पाठवू या. असं तोवर कधी झालं नव्हतं; पण न्यायाधीश तयार झाले.

आणि ती पोरं गेली. एकेक दार वाजवायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं, "ते आम्हीच केलं. तुमचं किती नुकसान झालं?" कुणी झापलं, कुणी माफ केलं. कोठडीत गप्प बसून राहता येतं हो, इथे उत्तर द्यावं लागत होतं! काही महिन्यांनी त्यांनी तीच दारं पुन्हा वाजवली, या वेळी हातात भरपाई घेऊन. पोरं तुरुंगात गेली नाहीत. किचनरमध्ये मग अशा भेटींचा उपक्रमच उभा राहिला, आणि न्यूझीलंडने १९८९ साली अल्पवयीन मुलांसाठी कुटुंबासह बसून तोडगा काढण्याची पद्धत कायद्यातच आणली.

गुन्हे कमी व्हायला वस्तीतली जागाही महत्त्वाची. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ५४१ ओसाड भूखंडांवर अभ्यास झाला. त्यातल्या काहींवरचा कचरा काढला, गवत, झाडं लावली, बुटकं कुंपण घातलं. गरीब वस्त्यांत अशा जागांभोवती बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली. आणि आपण काय करतो? टवाळ पोरं बसतात म्हणून नाक्यावरचा बाकच उचलतो! मग म्हाताऱ्यांनी टेकायचं कुठे? मला याचा फार राग येतो. बाक असू द्या, दिवा लावा, माणसं बसू द्या.

गुन्हा करणारा आणि नुकसान सोसलेला यांच्या भेटीची एक अट मात्र पक्की लक्षात ठेवा. ज्याचं नुकसान झालं, त्याची तयारी हवी. आधी दोघांशी वेगवेगळं बोलायचं, मध्ये जाणता माणूस बसवायचा. आणि नुकसान सोसलेल्याने "मला भेटायचं नाही" म्हटलं, तर विषय तिथेच थांबतो. त्याला गळ घालायची नाही.