ड तुकडीच्या बाई

नमस्कार. विषय मांडण्याआधी एक विनंती करते. शाळेत असताना ‘अ’ तुकडीत कोणकोण होतं, त्यांनी हात वर करा. छान, अर्धं सभागृह आहे. आता ‘ड’ तुकडीतले? तीन हात दिसतात, तेही खांद्यापर्यंतच आलेत. शाळा सोडून तुम्हाला तीस-चाळीस वर्षं झाली असतील. नोकऱ्या झाल्या, घरं झाली, कोणाला नातवंडंही असतील, आणि तरी तो हात खांद्याच्या वर जात नाही. आज मला जे सांगायचं आहे, त्यातलं निम्मं या तीन हातांनी सांगून टाकलं. त्या तिघांचे मी मनापासून आभार मानते.

आयोजकांनी मला विषय दिलाय तो ‘तुकड्या, शिक्षक आणि शिकण्याची इच्छा’. तुकडी म्हणजे काय हे इथे कोणाला समजावून सांगायला नको. जूनमध्ये शाळा उघडते, फलकावर याद्या लागतात, त्याभोवती ढकलाढकली होते. आपलं नाव कुठल्या अक्षराखाली आहे ते बघायला मुलगा बोट वरून खाली नेत जातो. ‘अ’मध्ये नाव नसलं की बोटाचा वेग वाढतो. मी ते बोट छत्तीस वर्षं पाहिलंय. आणि वर्णमालेची गंमत अशी, की ‘ड’च्या शेजारीच ‘ढ’ बसलेला असतो. मुलांना ते सांगावं लागत नाही.

हल्ली शाळा सांगतात, आमच्याकडे गुणांवर तुकड्या पाडत नाहीत. बरं. मग मी विचारते, सेमी इंग्रजीची तुकडी कशी भरता? संपूर्ण संस्कृत कुठल्या तुकडीला मिळतं? सेमीला जागा न मिळालेली मुलं ज्या वर्गात एकत्र बसतात, त्या वर्गाला तुमच्या शिक्षकखोलीत काय म्हणतात? मराठी माध्यमाच्या शाळेतच ‘पूर्ण मराठी’ हा शब्द उरलेल्यांसाठी वापरला जातो, याचं मला फार दुःख होतं. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, पण बोलल्याशिवाय राहवलं नाही.

आता माझी गोष्ट. ती थोडी लांबेल.

साल १९९१. तालुक्याच्या गावातली शाळा. गावाचं आणि शाळेचं नाव सांगत नाही. नोकरीत मला सहा वर्षं झाली होती आणि गणिताची बाई म्हणून ‘अ’ तुकड्या माझ्याकडे असायच्या. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक ठराव झाला. नववीतल्या कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून सांगायचं, की दाखला काढा आणि दहावीला बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा. का, तर शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा. समोरचे बरेच शिक्षक मान हलवताहेत, म्हणजे हे तुम्हालाही नवीन नाही. मी सभेत उठून म्हटलं, की हा निकाल आपला नव्हे, हा मुलांना बाहेर काढून मिळवलेला निकाल आहे. सभा शांत झाली. जूनमध्ये वेळापत्रक लागलं तेव्हा माझ्या नावापुढे होतं वर्गशिक्षक, आठवी ‘ड’.

वर्ग सायकलस्टँडला लागून, पत्र्याच्या छपराखाली. पटावर ६३ मुलं. पहिल्या तासाला मी हजेरी घेतली आणि मस्टर मिटलं, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

“बाई, तुम्ही काय केलं होतं?”

मला कळेना. म्हटलं, “काय केलं म्हणजे?”

“म्हणजे तुम्हाला ‘ड’ का दिली?”

वर्गात कोणी हसलं नाही. त्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती. आपल्यातच नव्याने आलेल्या माणसाची करावी तशी ती चौकशी होती. तेरा वर्षांच्या त्या मुलाने शाळा बरोबर ओळखली होती. त्याच्या लेखी या खोलीत कोणी आपणहून येत नाही. मुलं येतात ती मार्कांमुळे आणि बाई येतात त्या काही तरी केल्यामुळे. मी उत्तर दिलं नाही, कारण त्याचं बरोबर होतं.

पहिल्या आठवड्यात मी सातवीच्या जुन्या वह्या मागवल्या. ज्यांच्या घरी उरल्या होत्या, त्यांनी आणल्या. पानामागून पान उलटलं, लाल शाई नाही. कुठे कुठे पानाच्या कोपऱ्यात एक सही, बस. चूक केली तरी कोणी चूक म्हटलेलं नाही आणि बरोबर आलं तरी कोणी बरोबर म्हटलेलं नाही. मग मी रोज वीस वह्या घरी न्यायला लागले. माझे यजमान वैतागायचे, पण नंतर तेच पिशव्या उचलायला लागले.

त्या वह्यांमध्ये एका मुलीची वही होती. आठवीत सगळे पेनने लिहितात, ही पेन्सिलने लिहायची, आणि तेही इतकं पुसट, की दिव्याखाली तिरकी धरल्याशिवाय वाचता येऊ नये. मी तिला विचारलं, पेन नाही का? तिने दप्तरातून पेन काढून दाखवलं. म्हणाली, “चुकलं तर खोडता येतं, बाई.” पण पुसट का? “बरोबर आहे असं नक्की वाटलं की गडद करते.” मी वही चाळली. जून ते ऑगस्ट, एकही आकडा गडद नव्हता. उत्तरं मात्र अर्ध्याहून जास्त बरोबर होती.

इथे माझ्या हातून जी चूक झाली ती सांगायलाच हवी. मला या मुलांची दया आली आणि मी त्यांना सोपं सोपं द्यायला लागले. अवयव पाडायचे तर ज्यात लगेच सामायिक अवयव निघतो तेवढेच. गोष्टीरूपात येणारी समीकरणांची उदाहरणं गाळली. पाचपैकी पाच मिळाले की शाबासकी. वर्ग खूश आहे, असं मला वाटत होतं. सहामाहीच्या आधी तीच मुलगी शिक्षकखोलीच्या दारात आली. तिची मावसबहीण ‘अ’मध्ये होती आणि हिने तिची वही पाहिली होती. म्हणाली, “बाई, तुम्ही आम्हाला त्यांची गणितं देत नाही. आमच्याकडून होणार नाहीत म्हणून?”

मी तिला खुर्ची दिली आणि मीही बसले. फलकावरच्या यादीने जे एकदा सांगितलं होतं, ते मी प्रेमाने रोज सांगत होते. शिक्षकाची माया म्हणजे काय, हा प्रश्न तिथपासून मला सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी ‘अ’चाच चाचणीचा पेपर मी ‘ड’ला दिला. आधी सांगून दिला, मार्क धरणार नाही असंही सांगितलं. निकाल वाईट लागला. पण त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाल्यावरही मुलं बाकांवरून उठेनात, एकमेकांत वाद घालत बसली. पुढचे सगळे महिने आम्ही तीच गणितं केली, हळू केली, एकेक तीनदा केलं. वर्षाअखेरीला सगळी पास झाली नाहीत. आमचा भाग ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. दिवाळीनंतर काही मुलं आईबापांबरोबर कारखान्यावर गेली आणि परत आली नाहीत. तिथे माझी माया पुरली नाही आणि माझी गणितंही पुरली नाहीत. त्या मुलीने मात्र फेब्रुवारीत पेन हातात घेतलं. पहिल्या पानावर तिने इतकं दाबून लिहिलं होतं, की मागच्या पानावर अक्षरं उमटली होती.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली म्हणतात. अभ्यासकांचं म्हणणं सांगायचं होतं, ते आता भराभर सांगते.

१९६८ मध्ये रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. वर्गातली पाचातली एक मुलं त्यांनी चक्क चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि शिक्षकांना सांगितलं, की ही यंदा फुलणार आहेत. पहिली-दुसरीत ती खरंच पुढे गेली. त्या निष्कर्षांवर पुढे बरीच टीका झाली, परिणाम वाटतो त्याहून लहान निघाला. पण १९८४ मध्ये रॉडेनबुश यांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा एक गोष्ट दिसली. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून अधिक ओळखत असतील, तर बाहेरून दिलेल्या अशा शिक्क्याचा परिणाम जवळजवळ उरत नाही. म्हणजे ओळख व्हायच्या आत शिक्का पोचला तरच तो चिकटतो. आणि तुकडीचं अक्षर मुलाच्या आधी वर्गात पोचलेलं असतं.

उलट बाजूही सांगते. पश्चिम केनियातल्या १२१ प्राथमिक शाळांना एकेक जादा शिक्षक मिळाला. त्यांतल्या निम्म्या शाळांनी पहिलीचे दोन वर्ग गुणांवर पाडले, बाकीच्यांनी सरमिसळ. द्युफ्लो, द्युपा आणि क्रेमर यांनी २०११ मध्ये लिहिलं, की गुणांवर पाडलेल्या शाळांत वरच्या आणि खालच्या दोन्ही वर्गांतली मुलं अधिक शिकली. मला हे वाचून आधी राग आला. नंतर कारण वाचलं: शिक्षकाला समोरच्या मुलांच्या पातळीवर शिकवता आलं. ते मला पटतं. आपल्याकडे मुंबईत सुरू झालेली ‘प्रथम’ संस्थाही मुलांचे गट करते. पण मुलाला आज काय वाचता येतं त्यावर गट, दिवसातला तास-दोन तास, आणि वाचायला आलं की गट बदलतो. त्या गटाचं अक्षर दप्तरावर लिहीत नाहीत. माझं भांडण गटांशी नाही, वर्षभर न हलणाऱ्या यादीशी आहे.

‘अ’ तुकडीबद्दलही एक वाक्य, कारण त्यांचे हात जास्त आहेत. हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकापासून दाखवलंय, की सारख्याच क्षमतेची दोन मुलं घेतली तर निवडक हुशारांत बसवलेल्याचा स्वतःबद्दलचा विश्वास कमी होतो. ‘अ’मधल्या पन्नासाव्या मुलीला मी ओळखते. ती घरी सांगते, मला गणित येत नाही. दुसऱ्या वर्गात ती पहिली आली असती.

मुख्याध्यापक बसलेत पुढच्या रांगेत, त्यांच्यासाठी शेवटचं. तुकड्या मोडणं उद्या जमणार नसेल, तर निदान एवढं करा. ‘ड’ला तुमचा सर्वांत अनुभवी शिक्षक द्या आणि का दिला ते मुलांच्या देखत सांगा. पेपर एकच ठेवा. दिवाळीनंतर मुलं वर-खाली हलवा, आणि खरोखर हलवा. आणि पहिले दोन आठवडे मागच्या वर्षीचे मार्क वर्गशिक्षकाच्या हातात देऊ नका, आधी त्याला वह्या पाहू द्या.