मनोऱ्यातले साडेचार तास

श्रोतेहो, नमस्कार. गेली तीस वर्षे मी पुण्यात राहून मराठीत कादंबऱ्या लिहिते आहे. माझ्या कादंबऱ्यांत प्रेम असते, गुन्हा असतो, आणि त्यातील माणसे रविवारी सकाळी उपासनेला जातात. या तिन्ही गोष्टी एका पुस्तकात कशा नांदतात, असे मला वाचक नेहमी विचारतात. म्हणून आज माझ्या लेखनाविषयी आणि मला आवडणाऱ्या पुस्तकांविषयी मी आपल्याशी बोलणार आहे. बोलता बोलता एका मनोऱ्याची हकीकतही सांगणार आहे, कारण ती सांगितल्याशिवाय माझे लेखन समजावून देणे मला आजवर जमलेले नाही.

ख्रिस्ती लेखक आणि मराठी कादंबरी यांचे नाते फार जुने आहे. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ साली प्रसिद्ध झाली आणि तिचे लेखक बाबा पदमनजी हे ख्रिस्ती होते. विधवांच्या वाट्याला येणारे दुःख प्रवासाच्या निमित्ताने डोळ्यांनी पाहणारी यमुना त्यांनी उभी केली. आमच्या घरी हे पुस्तक मी शाळेत असताना आले. आईने ते मला वाचायला दिले तेव्हा एकच सूचना केली होती, ती म्हणजे शेवटचे पान आधी पाहायचे नाही. ही सूचना मी आजही पाळते आणि जे वाचक पुस्तक हाती येताच शेवट उघडून पाहतात त्यांना मी मनापासून सांगते, की लेखकाने तुमच्यासाठी मांडलेले ताट तुम्ही उलट्या बाजूने जेवू नका.

अमेरिकेत प्रेम, गुन्हा आणि श्रद्धा यांना एकत्र गुंफणाऱ्या कादंबऱ्यांचे वेगळे दालनच आहे. ‘हार्लेक्विन’ या मोठ्या प्रकाशनसंस्थेने १९९७ साली ख्रिस्ती वाचकांसाठी प्रेमकथांची मालिका सुरू केली आणि २००५ साली तिला रहस्यकथांची जोड दिली. त्या पुस्तकांत पाठलाग असतो, पिस्तूल असते, नायक-नायिकेची ओढ असते, परंतु शयनगृहाचे दार वाचकासमोर उघडले जात नाही. मी यातली काही पुस्तके आवडीने वाचली आहेत आणि त्यांच्या वेगाकडून शिकलेही आहे. एक गोष्ट मात्र मला तेथे पुष्कळदा खटकते. नायिका संकटात सापडते, डोळे मिटून प्रार्थना करते आणि पुढच्याच परिच्छेदात नायकाची पावले वाजतात. मीसुद्धा पूर्वी असेच लिहीत होते. ते मी का सोडले, हे मनोऱ्याच्या हकीकतीत येईल.

माझे वाचन दोन ठिकाणी घडले. पहिले ठिकाण म्हणजे रास्ता पेठेतील भाड्याने पुस्तके देणारे एक छोटे दुकान. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड मला तेथे भेटले, नारायण धारपांनी तेथेच मला रात्रीचा दिवा मालवू दिला नाही, आणि सुहास शिरवळकरांच्या पुस्तकांत मला माझ्याच शहरातील तरुण मुले बोलताना ऐकू आली. ते दुकान आता नाही. भाड्याच्या पुस्तकांची अशी दुकाने गल्लोगल्ली पुन्हा निघाली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे, कारण उद्या परत करायचे असलेले पुस्तक माणूस आजच वाचून संपवतो.

दुसरे ठिकाण म्हणजे आमच्या घरचे पवित्र शास्त्र, अर्थात बायबल. रूथचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे. खळ्यावर रात्रीच्या अंधारात विधवा रूथ सासरच्या नात्यातील बवाजाच्या पायांशी येते, तो तिला लग्नाचे वचन देतो, आणि त्याच वेळी सांगतो, की माझ्याहून जवळचा एक आप्त आहे आणि तुझ्यावर आधी हक्क त्याचा आहे. सकाळी रूथ घरी परतते तेव्हा तिची सासू नामी तिला स्वस्थ बसायला सांगते. श्रोतेहो, त्या एका सकाळी रूथ काय करत बसली असेल, याचा विचार मी लहानपणापासून करते आहे. एस्तेरची गोष्ट तशीच आहे. राजा अहश्वेरोश तिला काय हवे ते माग म्हणतो, आणि जिचे सारे लोक मरणाच्या दारात उभे आहेत अशी ती राणी म्हणते, की आज नको, उद्या पुन्हा मेजवानीस यावे. त्याच रात्री राजाला झोप येत नाही. एस्तेरच्या या संपूर्ण पुस्तकात देवाचे नाव एकदाही आलेले नाही, ही गोष्ट श्रद्धेविषयी लिहू पाहणाऱ्या प्रत्येक कादंबरीकाराने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, असे मला वाटते.

या दोन्ही गोष्टींत माणसे वाट पाहतात. प्रेमात आपण वाट पाहतो आणि भीतीतही वाट पाहतो. मराठीने या दोन्हींसाठी एकच क्रियापद ठेवले आहे आणि माझे सारे लेखन त्या एका क्रियापदावर उभे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी दर दोन वर्षांनी वाचते ती याचसाठी. न सांगता घरातून निघून जाणारा नवरा, १८९५ साली टिळकांनी घेतलेला बाप्तिस्मा, त्यानंतरची ताटातूट आणि पुन्हा जुळलेला संसार हे सारे लक्ष्मीबाईंनी इतक्या निर्मळपणे सांगितले आहे, की ते परत कधी येतील या प्रश्नाने वाचकाचा जीव टांगणीला लागतो. इंग्रजीतील डोरोथी सेयर्स या धर्मोपदेशकाच्या कन्येने तर आपल्या वाचकांना पाच वर्षे वाट पाहायला लावली. त्यांच्या गुप्तहेराने १९३० सालच्या कादंबरीत खुनाचा आरोप असलेल्या हॅरिएटला मागणी घातली आणि तिने होकार दिला तो १९३५ सालच्या कादंबरीत.

आता मनोऱ्याची हकीकत सांगते.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची, डिसेंबरातील एका शनिवारची आहे. मी माझी तिसरी कादंबरी लिहीत होते. नवव्या प्रकरणात माझी नायिका देवळाच्या घंटेच्या मनोऱ्यात अडकते, अशी योजना होती. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतो, हे आपणांस ठाऊक असेलच. त्या नायिकेला मी किंचाळायला लावले होते, घंटेचा दोर ओढायला लावले होते, आणि अर्थातच प्रार्थना करायला लावले होते. परंतु मनोऱ्याला पायऱ्या किती असतात, हे मला माहीत नव्हते. म्हणून हस्तलिखिताच्या समासात मी पेन्सिलीने एक टीप केली, ‘पायऱ्या मोजणे, शनिवार’, आणि फुलस्केप कागदांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर तसाच ठेवून संध्याकाळी कॅम्पातील एका जुन्या देवळात गेले.

घंटा वाजवणारे मामा मला लहानपणापासून ओळखत होते. त्यांनी जिन्याचे दार उघडून दिले आणि लवकर खाली ये असे सांगून ते नाताळाच्या सजावटीचे सामान आणायला निघून गेले. मी मधल्या माळ्यावर पोहोचले. वर घंटेच्या मजल्यावर जाणाऱ्या झडपेला कुलूप होते. घंटेचा जुना दोर नाताळाआधी बदलायचा म्हणून उतरवून ठेवला होता. मी भिंतीची जाडी वितीने मोजत होते, कबुतरांनी कुठे घरटी केली आहेत ते टिपून घेत होते, आणि तेवढ्यात खाली दार ओढल्याचा आणि कडीला कुलूप लागल्याचा आवाज आला. मामांचा कोणी मदतनीस आला होता, त्याला उघडे दार दिसले आणि त्याने ते लावून घेतले. त्याचा काही दोष नव्हता. मी धावत खाली आले, दार ठोठावले, हाका मारल्या. त्या भिंती दोन हात जाड आहेत आणि माळ्याची एकुलती एक चिंचोळी खिडकी मागच्या झाडांकडे उघडते. रस्त्यावरून कुठल्याशा लग्नाची वरात बँड वाजवत चालली होती. आमच्या घरात तेव्हा एकच मोबाइल होता आणि तो यजमानांकडे असे. सहा वाजले होते.

श्रोतेहो, मी प्रार्थना केली. अगदी माझ्या नायिकेसारखी, डोळे मिटून, हात जोडून केली. डोळे उघडले तेव्हा अंधार थोडा वाढला होता, एवढाच फरक पडला होता. सहाचे सात झाले. मी किंचाळले नाही, कारण घसा पहिल्या दहा मिनिटांतच बसला होता. मला थंडी वाजू लागली, तहान लागली, आणि भीतीच्या जोडीला अगदी किरकोळ विचार येऊ लागले. करंज्यांसाठी भिजवलेला रवा उघडाच राहिला आहे, त्यावर ओले फडके टाकायला हवे होते, हा विचार माझ्या मनात निदान वीस वेळा आला असेल. भीती अशी असते, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. मग मला आईचे आवडते एकशे तिसावे स्तोत्र आठवले. पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांहून माझा जीव प्रभूची अधिक वाट पाहतो, असे त्यात म्हटले आहे. पहारेकऱ्याला पहाट होणार हे ठाऊक असते आणि तरीही त्याला रात्र सरेपर्यंत उभे राहावेच लागते, याचा अर्थ मला त्या माळ्यावर पहिल्यांदा कळला. मी जिन्यावर बसले आणि वाट पाहू लागले.

तिकडे घरी यजमान आठ वाजता आले. शेजारी विचारले, माझ्या भावाकडे फोन केला, बहिणीकडे केला. यजमान बँकेत नोकरी करत. आयुष्यात त्यांनी एकही कादंबरी वाचलेली नव्हती आणि माझ्या आधीच्या दोन्ही पुस्तकांबद्दल त्यांनी ‘छपाई चांगली आहे’ एवढेच म्हटले होते. नऊ वाजून गेल्यावर ते टेबलाशी बसले आणि मी कुठे गेले असेन याचा काही माग लागेल म्हणून त्यांनी माझे हस्तलिखित पहिल्या पानापासून वाचायला घेतले. नवव्या प्रकरणापर्यंत पोहोचल्यावर त्यांना समासातील पेन्सिलीची टीप दिसली. ते उठले, स्कूटर काढली आणि त्यांनी थेट मामांचे घर गाठले.

साडेदहा वाजता खाली कुलूप निघाल्याचा आवाज मी ऐकला. मग पावले ऐकली. ती सावकाश येत होती, एका लयीत, मध्ये कुठेही न अडखळता. मला त्या क्षणी राग आला, की हा माणूस धावत का येत नाही. वळणावर टॉर्चचा उजेड पडला, यजमान माझ्यासमोर उभे राहिले, त्यांनी अंगावरचा स्वेटर काढून मला दिला आणि म्हणाले, ‘बासष्ट. खालून इथपर्यंत बासष्ट पायऱ्या आहेत. तुला हव्या होत्या ना?’

मी तेथेच बसून रडले. इतक्या वर्षांत मी शेकडो पाने प्रेमाविषयी लिहिली आहेत आणि त्या एका आकड्याच्या तोडीचे वाक्य मला लिहिता आलेले नाही.

घरी आल्यावर मी नववे प्रकरण फाडून टाकले आणि पुन्हा लिहिले. नव्या प्रकरणात नायिका सहा वाजता प्रार्थना करते आणि पावले साडेदहाला ऐकू येतात. मधले साडेचार तास ती वाट पाहते, तिला रव्याची आठवण येते, तिचा विश्वास डळमळतो आणि पुन्हा सावरतो. मी पुन्हा सांगते, प्रार्थना सहा वाजता होते आणि पावले साडेदहाला ऐकू येतात. माझ्या मते कादंबरी त्या साडेचार तासांत असते. वाचकाला भीती खरी वाटायला हवी असेल तर देवाला घाईने बोलावून लेखकाने आपली सोय करून घेऊ नये.

आता रोजच्या लेखनाविषयी थोडेसे. मी पहाटे साडेचारला उठते, फुलस्केपवर शाईने लिहिते आणि उजाडेपर्यंत दोन पाने झाली तर समाधानाने चहा ठेवते. कथेत येणारी जागा मी पायी चालून पाहते. क्वार्टर गेटपासून गुरुवार पेठेतील पंचहौदापर्यंत माझा नायक किती मिनिटांत पोहोचेल, हे नकाशावरून ठरवलेले मला चालत नाही. पोलिसांच्या कामाची माहिती मी निवृत्त अधिकाऱ्यांना विचारून घेते. दोन वर्षांपूर्वी लिहायला घेतलेल्या कादंबरीत यामुळे मोठी दुरुस्ती करावी लागली, कारण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ ऐवजी १०३ झाले. ‘तीनशे दोन’ हे शब्द मराठी कानाला इतके सवयीचे आहेत, की ते काढताना मला फार जड गेले. त्यावर उपाय म्हणून मी एका वृद्ध हवालदाराच्या तोंडी जुना आकडा ठेवला आणि तरुण निरीक्षकाने तो दुरुस्त केल्याचे दाखवले.

ती कादंबरी आता अकराव्या प्रकरणापर्यंत आली आहे. यजमान निवृत्त झाले आहेत आणि माझे प्रत्येक हस्तलिखित आता तेच प्रथम वाचतात. वाचताना हातात पेन्सिल असते. परवा त्यांनी दहाव्या प्रकरणाच्या समासात लिहिले आहे, की नायिका लकडी पुलावर ज्या खांबाशी थांबते तो नक्की कितवा, हे लिहिलेले नाही. रविवारी उपासनेनंतर जाऊन मोजू. त्याप्रमाणे या रविवारी आम्ही दोघे जाणार आहोत. नमस्कार.